मेस्त्रीसरांची दोन बोटं

मेस्त्रीसरांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही. वर्कशॉपच्या दारात उभी होते, हातात प्रवेशाची पावती होती. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. टेबलावरचा एक जुना, जड व्हॉल्व्ह उचलून माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, फुंक मार. चार भोकं आहेत, एकेकातून फुंक, दांडा पुढे-मागे कर, आणि हवा कुठून कुठे जाते ते वहीत काढून दाखव. मी नांदगावच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरातली. फुंकणीने चूल फुंकली होती, लोखंड कधी फुंकलं नव्हतं. फुंकर मारली आणि आत राहिलेलं काळं तेल हनुवटीवरून थेट नव्या ओढणीवर आलं. वर्गातली सगळी मुलं हसली. त्या तुकडीत मुलगी मी एकटीच होते, म्हणजे हसायला त्यांना आयतं निमित्तच मिळालं.

सर हसले नाहीत आणि मुलांना रागावलेही नाहीत. त्यांनी तो व्हॉल्व्ह माझ्या हातून घेतला, स्वतः तोंडाला लावला आणि जोरात फुंकला. तेल त्यांच्या पांढऱ्या मिशीला लागलं. मग ते तसेच, मिशीला तेल लावून, पूर्ण तास शिकवत राहिले. तास संपेपर्यंत हसायला कोणी उरलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं की मी इथेच शिकणार.

आदरणीय श्री. वसंत मेस्त्री, आपल्या सगळ्यांचे मेस्त्रीसर, यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी आयुष्य घातलं, आणि निवृत्तीनंतरही तोंडवलीच्या त्यांच्या घरी विद्यार्थ्यांची रीघ थांबलेली नाही. त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी समितीने मला विषय दिला तो असा: हायड्रॉलिक यंत्रणेतील नियंत्रण झडपांचे प्रकार व कार्ये, आणि ते शिकवण्याची सरांची पद्धत. विषय भारदस्त आहे. कुडाळला माझं स्वतःचं दुरुस्तीचं वर्कशॉप असल्यामुळे मी तो नीट मांडेन, असा समितीचा विश्वास असावा. मी तो मांडणार आहेच. पण व्हॉल्व्हबद्दल लिहायला बसले की मला सरांच्या डाव्या हाताची दोन अर्धी बोटं दिसतात. ती कशी गेली याची जी गोष्ट आपण सगळे एकोणीस वर्षं ऐकत आलो, ती खोटी आहे. खरी गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्याच्याने हा लेख पुरा होणार नाही. समितीने रागावू नये.

आधी कामाचं सांगते.

पाठ्यपुस्तकात नियंत्रण झडपांचे तीन वर्ग दिलेले असतात आणि प्रत्येकाखाली दहा-दहा उपप्रकार. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते पाठ करताना भल्याभल्यांची गाळण उडते. सर पुस्तक बंद करायला सांगायचे. म्हणायचे, तेलाला तीनच प्रश्न विचारायचे. "खंय जातलंस? किती जोरान जातलंस? किती बेगीन जातलंस?" कुठे जायचं ते ठरवतो दिशा देणारा व्हॉल्व्ह, ज्यात मी फुंकर मारली होती. जोर किती ते दाबाचा व्हॉल्व्ह ठरवतो, आणि वेग प्रवाहाचा. कुठलंही यंत्र बिघडून पुढ्यात आलं की आधी ठरवा, यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर चुकतंय. बाकी सगळं मागाहून. मी आजही ग्राहकाने तक्रार सांगायला सुरुवात केली की मनातल्या मनात हेच तीन प्रश्न मोजते, आणि दहातल्या आठ वेळा यंत्र उघडण्याआधीच दुखणं कळतं.

वेगाचा धडा सरांनी आम्हाला एका बर्फाच्या कारखान्यात दिला. तिथे लाद्या वर चढवायची एक हायड्रॉलिक लिफ्ट होती आणि ती खाली येताना अशी आदळायची की कामगार तिच्यावर पाय ठेवायला घाबरत. मालकांचं म्हणणं, लिफ्ट जोरात आली तर काम जास्त होतं. सरांनी वाद घातला नाही. कामगारांच्या डब्यातली सोलकढी मागून घेतली, पेला काठोकाठ भरून लिफ्टच्या मधोमध ठेवला आणि प्रवाहाच्या व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा थोडा फिरवत राहिले. पाच-सहा वेळा सोलकढी सांडली. मग एकदा पेला वरून खाली आला आणि थेंबही हलला नाही. सरांनी तो पेला मालकांच्या हातात दिला, त्यांनी तो पिऊन टाकला, आणि स्क्रूवर लाल रंगाची खूण करून आम्ही परत आलो.

दाबाचं त्यांनी कसं समजावलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. प्रत्येक यंत्रणेत एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि तेल टाकीत परत सोडून देतो, म्हणजे पाईप फुटत नाही. कोणाही मालकाला तो व्हॉल्व्ह आपला वैरी वाटतो, कारण तो यंत्राला आणखी ओढू देत नाही. तोंडवलीच्या एका नौकामालकांनी सरांना बोलावलं. जाळं ओढायची विंच कमी ओढते, रिलीफचा स्क्रू दोन फेरे पिळून द्या, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, पिळतो. मग पाना हातात घेऊन म्हणाले, "पण जाळा ओढतेवेळेक ह्या होज पायपाच्या म्होऱ्यात तुझ्या झिलाक उभो करूचो. दुसऱ्याच्या नको." स्वतःच्या मुलाला उभं करायचं म्हटल्यावर मालकांनीच सरांच्या हातातला पाना घेऊन पेटीत ठेवला. नंतर पंप उघडला तेव्हा दोष पंपात निघाला, रिलीफ बिचारा आपलं काम चोख करत होता.

निकामी झालेला व्हॉल्व्ह सर कधी भंगारात टाकत नसत. तो करवतीने मधोमध कापत, आतला दोष बघत आणि वर्गातल्या फळीवर मांडून ठेवत. खाली चिठ्ठी लावत ती कंपनीच्या नावाची नव्हे, गावाच्या नावाची. दोडामार्ग म्हणजे रबराच्या बागेतल्या पंपाचा, आत पाणी शिरून गंजलेला. सरांचं म्हणणं असं की कंपनीला नावं ठेवून आपण काही शिकत नाही, कुठल्या हवेत आणि कुणाच्या हाताखाली तो मेला ते बघायचं. मला तेव्हा हे फार मोठं वाटलं नव्हतं. आता स्वतःच्या वर्कशॉपमध्ये मीही तशीच फळी केली आहे आणि येणारी पोरं तिच्यासमोर उभी राहून आपल्या गावाचं नाव शोधतात.

आता गाऱ्हाण्याकडे येते. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ते आठवत असेल, नव्यांना माहीत नसेल.

आपल्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सरांनी हीच रीत वर्कशॉपमध्ये आणली होती. दाबाखालची यंत्रणा उघडणं हे जिवाशी खेळणं असतं, आणि उघडण्याआधी तपासायच्या गोष्टींची यादी भिंतीवर कितीही मोठ्या अक्षरांत लावली तरी कोणी वाचत नाही. म्हणून सर हात जोडून उभे राहत आणि यादीच गाऱ्हाण्यात म्हणत. बा देवा म्हाराजा, आज हयसर जा काय यंत्र उभा आसा, तेचा इंजिन बंद केलेला आसा? आम्ही म्हणायचं, व्हय म्हाराजा. चाकांक दगड लायलेले आसत? व्हय म्हाराजा. दाब उतरलेलो आसा? व्हय म्हाराजा. एका कामावर एक वयस्क गावकर, गावचे मानकरी, हे ऐकून नाराज झाले, देवाची चेष्टा करता म्हणाले. सरांनी त्यांना नमस्कार करून सांगितलं की चेष्टा नाही, देवासमोर बोलताना माणूस खोटं बोलत नाही, म्हणून ही युक्ती.

ही युक्ती चांगली होती. तिच्यातली खोट माझ्यामुळे कळली.

सर सुट्टीच्या दिवशी आम्हाला खऱ्या कामांवर नेत असत. संस्थेचा तसा काही नियम नव्हता आणि त्या कामांचे ते पैसेही घेत नसत. वर्गातल्या लाकडी नमुन्यावर हात बसत नाही, एवढंच त्यांचं कारण. माझं दुसरं वर्ष होतं. एका चिरेखाणीवर डंपर उभा होता. त्याचा हौदा वर उचलला की आपोआप हळूहळू खाली बसायचा. हे दुखणं धरून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हचं. चेक व्हॉल्व्ह तेलाला एकाच बाजूने जाऊ देतो, हे आपण सगळे जाणतो. डंपरच्या जॅकवर त्याचाच एक भाऊ बसवलेला असतो. तो तेल जॅकमध्ये कोंडून धरतो आणि खाली उतरवण्याचा हुकूम मिळाल्याशिवाय सोडत नाही. त्याची गोळी जिथे घट्ट बसते त्या बैठकीत कचऱ्याचा कण जरी अडकला तरी तेल पाझरतं आणि हौदा बसतो. तो व्हॉल्व्ह उघडून साफ करायचा होता. आणि तो उघडला की हौदा पेलून धरायला तेल उरत नाही, म्हणून आधी हौद्याखाली लोखंडी टेकू लावून सगळा भार त्याच्यावर टेकवायचा असतो.

टेकू माझ्याकडे होता. मी तो उभा केला होता. मग सर व्हॉल्व्ह उघडण्याआधीच त्यांच्या हातात नवी ओ-रिंग, म्हणजे तेल गळू नये म्हणून बसवायचं रबरी कडं, देता यावी म्हणून मी पुडी सोडायला लागले. खाणीवरची माणसं बघत होती, या पोरीला काय येतं म्हणून, आणि मला दाखवायचं होतं की सरांनी मागायच्या आधी माझा हात पुढे असतो. गाऱ्हाणं चालू होतं. इंजिन झालं, दगड झाले. हौद्याखाली टेकू लागलेलो आसा, असं सरांनी विचारलं. मी पुडीकडे बघत म्हटलं, व्हय म्हाराजा.

मी बघितलं नव्हतं. टेकू उभा होता, पण हौदा त्याच्यावर टेकला नव्हता. मध्ये चार बोटांचं अंतर होतं. देवळात शेकडो वेळा ज्या तोंडाने व्हय म्हाराजा म्हटलं त्याच तोंडाने ते आपोआप निघून गेलं. गाऱ्हाण्यात नाही म्हणण्याची रीतच नसते, ही ती खोट.

सरांनी उजव्या हाताने बोल्ट सैल केले. डावा हात आधारासाठी डंपरच्या सांगाड्यावरच्या आडव्या पट्टीवर, हौद्याच्या कडेच्या अगदी खाली होता. तेल सुटलं, हौदा ते चार बोटांचं अंतर खाली आला आणि टेकूवर थांबला. थांबला म्हणून सर आज पंचाहत्तरीचे आहेत. पण त्या चार बोटांत त्यांची दोन बोटं अर्ध्यावरून गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. सर ओरडले नाहीत. हौदा पुन्हा उचला, असं त्यांनीच स्पष्ट आवाजात सांगितलं. मी पुडी हातात धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. सरांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मला विचारलं, "टेकू टेकलो नव्हतो ना?" मी मान हलवली. मला रडूसुद्धा येत नव्हतं. मग ते म्हणाले, "ह्या तुझ्या-माझ्यात रवतला. हात मीच चुकान घातलंय, असा मी सगळ्यांका सांगितलेला आसा." आणि लगेच पुढचं विचारलं, व्हॉल्व्हमध्ये काय सापडलं. मी म्हटलं, अजून उघडलेला नाही. तर ते चिडले. मालकांचा डंपर अडकून पडला आहे, उद्या जा आणि तू स्वतः उघड, म्हणाले. मी गेले. दोन दिवसांपूर्वी जिथे सरांचा हात होता तिथे उभी राहून मी तो व्हॉल्व्ह उघडला. बैठकीवर पाण्याच्या नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचा एक धागा अडकला होता. हायड्रॉलिकच्या जोडाला टेप लावायची नाही असं सर का सांगत, ते मला तिथे कळलं. हौदा पुन्हा बसला नाही.

त्यांनी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझं शिक्षण तिथेच थांबलं असतं. आई-वडिलांना गावात तोंड दाखवता आलं नसतं, आणि मुलींना या कामात घेऊ नये म्हणणाऱ्यांना कायमचा दाखला मिळाला असता. दाखला मिळाला तो सरांच्या हलगर्जीपणाचा. संस्थेत त्यांना खुलासा द्यावा लागला, सुट्टीतली कामं बंद झाली, आणि इतकी वर्षं शिकवणारा माणूस स्वतः हात घालतो हे ऐकून लोक जे बोलायचं ते बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

आणखी एक गेलं, ते त्यांचा पखवाज. सर तोंडवलीच्या भजनात पखवाज वाजवत. त्यांच्या डाव्या हाताची थाप पडली की बुवांचा आवाज आपोआप चढतो असं जुनी माणसं सांगत. मी तो एकदाच ऐकला होता, चतुर्थीत. त्या अपघातानंतर चतुर्थीच्या भजनाला सर टाळ घेऊन मागच्या रांगेत बसू लागले.

बरे होऊन कामावर आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी रीत बदलली. गाऱ्हाणं ठेवलं, व्हय म्हाराजा बंद केलं. ज्याच्यावर जे सोपवलं त्याने त्या वस्तूला हात लावायचा आणि हाताला काय लागलं ते बोलायचं. टेकू हातान हलवन बघलंय, हलना नाय. दाबाच्या गेजाचो काटो शून्यार आसा, आता बघतंय. आपण सगळे आजही असंच बोलतो. गोव्यात नोकरी करणारे आपले विद्यार्थी तिथेही असंच बोलतात आणि तिथली माणसं त्यांना हसतात, असं ऐकते. ही पद्धत कुठून आली ते कोणालाच माहीत नव्हतं. ती तिथून आली.

पहिली दोन वर्षं मी सरांच्या सांगण्यावरून गप्प होते. पुढची सतरा स्वतःच्या भित्रेपणाने. शिक्षण झालं, नोकरी झाली, स्वतःचं वर्कशॉप झालं. वर्कशॉपसाठी जागा द्यायला कोणी तयार नव्हतं, बाई माणूस किती दिवस टिकणार म्हणून. तेव्हा सर माझ्याबरोबर चार ठिकाणी फिरले आणि जागामालकासमोर मी लहान असल्यासारखे माझ्या कामाचे दाखले देत बसले. माझ्या लग्नात ते आले, माझ्या मुलीच्या बारशाला आले. सांगायला सतराशे साठ वेळा संधी होती. मी सांगितलं नाही.

आणि मला ज्यांना सांगायला हवं होतं त्या सरांच्या पत्नी, सुमतीकाकी. त्यांच्या हातची आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार खाऊन आमच्या तुकड्याच्या तुकड्या शिकल्या. काकींना पखवाज फार प्रिय होता. तो गेल्याचं दुःख त्यांनी रागात मुरवलं. सरांच्या हातून पेला निसटो की ते चष्मा विसरोत, काकी म्हणायच्या, ह्येंचा असाच, हलगर्जी माणूस, स्वतःचो हात स्वतः घातल्यानी. हे त्या माझ्यासमोर म्हणायच्या. माझ्या पानात वाढता वाढता म्हणायच्या. सर जेवत राहायचे. मीही जेवत राहायचे.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी गेल्या महिन्यात तोंडवलीला गेले. सर पडवीत बसले होते, काकी आमसुलं वाळत घालत होत्या. मी सरांना म्हटलं, मला खरं लिहायचं आहे, परवानगी द्या. सर म्हणाले, "लिही. पण पुरा लिही. तू बघलंस नाय, ह्या एक झाला. मी वळान तुझ्याकडे बघलंय नाय, नुसतो शब्द ऐकलंय, ह्या दुसरा. हात ज्येचो, तेना आधी बघूक व्हया." तेव्हा मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेही इथे लिहिलं आहे. मला ते पटलेलं नाही. तपासायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही, यात वाटेकरी नाही.

काकींचा हात थांबला होता. काय लिहूचा आसा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. टेकूपासून पुडीपर्यंत सगळं सांगितलं, उभ्यानेच. माझं संपल्यावर काकी सरांकडे वळल्या आणि विचारलं, तुम्ही का ऐकून घेतलंत. सर म्हणाले, तू रागावणार ती दोन दिवस, या मुलीचं शिक्षण कायमचं गेलं असतं.

"दोन दिस?" काकी म्हणाल्या. "एकोणीस वरसा झाली."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्याकडसून चूक झाली, तेचा माका काय नाय. लहान होतंस. पण मी ह्येंका पावण्यांसमोर हलगर्जी म्हणा होतंय, तेवा तू थंयच बसान जेवत होतंस गो." एवढं बोलून त्या आत गेल्या. सर मला बस म्हणाले, पण मी बसले नाही. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघाले.

त्यानंतर काकींचा फोन आलेला नाही. मी दोनदा केला, दोन्ही वेळा सरांनी घेतला आणि त्यांनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून माझ्या वर्कशॉपची चौकशी केली. काकींनी मला माफ करावं असं मी इथे लिहिणार नाही. चार लोकांसमोर मागितलेली माफी देणाऱ्यावर जुलूम करते. ती मी त्यांच्या दारात जाऊन मागेन, त्या देतील तेव्हा देतील. इथे, या ग्रंथात, सगळ्या विद्यार्थी-मित्रांच्या आणि सहकाऱ्यांच्या साक्षीने मला एवढंच नोंदवायचं आहे: श्री. वसंत मेस्त्री आयुष्यात कधीही हलगर्जी नव्हते. ज्यांनी ज्यांनी तसं म्हटलं, हसत म्हटलं किंवा रागाने म्हटलं, त्या सगळ्यांनी ते वाक्य आज मागे घ्यावं. त्यातला दोष माझा होता. माझं नाव संजना परब.

सरांची प्रकृती आज उत्तम आहे. सकाळी समुद्रावर चालायला जातात, दुपारी कोणा ना कोणाचा पंप पडवीत उघडलेला असतो. उजव्या हाताला पकड आहे आणि डाव्याच्या उरलेल्या तीन बोटांनी ते अजूनही ओ-रिंग अशी बसवतात की माझ्या दहा बोटांना जमू नये. अशा माणसाला दीर्घायुष्य चिंतायचं तर आकडा कोणता सांगायचा, मी खूप विचार केला. शंभर वर्षं म्हणण्याची रीत आहे, ती ठीक आहे. माझं मागणं वेगळं आहे. माझ्या गप्प राहण्याने त्या दोघांच्या संसारात एकोणीस वर्षं एक खोटं जेवायला बसत होतं. तेवढी एकोणीस वर्षं त्यांना निरोगी शरीराने, एकमेकांच्या सोबतीने, भरून परत मिळोत. त्यापुढची मग देवाने आपल्या मर्जीने द्यावीत.